बीपीच्या डॉक्टरांना दारूचं सांगायचं का?

प्रश्न: ह्यांचं वय ४८. बीपीची गोळी दोनदा वाढवून झाली तरी आकडा खाली येत नाहीये. रोज रात्री चार-पाच पेग होतात, पण हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि तेही विचारत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की 'मी काय दारुडा आहे का' म्हणून भडकतात. नेहमीच्या डॉक्टरांकडे यावर इलाज होतो का? जेवणात गुपचूप मिसळायचं औषध मिळतं म्हणे, ते देऊ का?

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगते, ते अजिबात करू नका. असं दिलं जाणारं औषध अनेकदा डायसल्फिरम असतं, त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, आणि हार्टचा त्रास असेल तर जिवावरच बेततं. ते पेशंटला सांगूनच द्यायचं असतं.

आता इलाजाचं. होतो की! खरं तर सुरुवात तिथेच व्हायला हवी, कारण रोजची दारू बीपी वाढवते आणि डॉक्टर बिचारे गोळ्याच वाढवत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची 10 प्रश्नांची यादी आहे, 40 पैकी 8 किंवा जास्त मार्क आले की लक्ष घालायचं, कुठलाही जनरल डॉक्टर पाच मिनिटांत करू शकतो. फक्त विचारायची पद्धत हवी. 'दारू पिता का?' म्हटलं की उत्तर येतं 'कधीतरी', आणि 'गेल्या आठवड्यात किती दिवस घेतली, किती पेग?' विचारलं की माणूस बोटं मोजायला लागतो. सोबत जीजीटी वगैरे लिव्हरच्या टेस्ट झाल्या की कागद समोर असतो, मग दारुडा की नाही हा वाद बाजूला राहतो.

पण घरच्या घरी एका रात्रीत बंद करायला लावू नका हां. इतकी वर्षं रोज घेणाऱ्याला 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होऊ शकतं, पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते आणि दोन-चार दिवसांनी भ्रम. सकाळी कप धरताना हात कापतो का ते बघून ठेवा आणि डॉक्टरांना नक्की सांगा. पूर्वी फिट आली असेल तर अ‍ॅडमिट करूनच सोडवतात. नाहीतर ठरावीक दिवसांच्या गोळ्या, बी-1 व्हिटॅमिन आणि सुरुवातीला रोज तपासणी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं घरूनच होतं. पुढे ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, साधारण रोज 50 मिलिग्रॅम, त्याआधी लिव्हर बघतात आणि ट्रामाडॉलसारखी पेनकिलर चालू नाही ना ते विचारतात. त्याच कामाचं दुसरं औषध, अकॅम्प्रोसेट, द्यायचं तर किडनी बघतात. डिप्रेशन, आत्महत्येचे विचार किंवा दुसरी नशा असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ लागतातच, पण ती चिठ्ठी ह्याच डॉक्टरांनी दिली तर हे जातील, तुम्ही सांगून नाही.

पुढच्या बीपी चेकअपला सोबत जा. आत जायच्या आधी ह्यांना एवढंच म्हणा, 'गोळी का लागू होत नाही ते विचारूया, पेगचं तुम्ही सांगता की मी सांगू?'