‘फेडीन’ हा शब्द तेवढा खोड

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुगारात गेलेले पैसे, बहिणीच्या साठवणीला लागलेला हात, त्यानंतर महिनोन्‌महिने घरात बोललेलं खोटं, सगळं तू आडपडदा न ठेवता लिहिलंस. त्याला धीर लागतो, मला ठाऊक आहे. तू प्रभूकडे वळलास याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अडखळले ती शेवटच्या ओळीवर. ‘आता उभं आयुष्य देवाची सेवा करून हे सगळं फेडीन.’ यातला ‘फेडीन’ हा शब्द तेवढा खोड.

बापाकडून घेतलेला वाटा उडवून उपाशीपोटी घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा येशूने सांगितलेला दाखला तुला पाठ असेल. तरी लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात पुन्हा एकदा जा, आणि त्या मुलाने डुकरं राखताना मनाशी जुळवलेलं बोलणं कागदावर उतरवून काढ. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी आता योग्य नाही. मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. आता बापासमोर उभा राहिल्यावर तो प्रत्यक्षात काय बोलतो, ते त्याखाली लिही. पहिली दोन वाक्यं येतात. तिसरं तोंडातून निघतच नाही. बाप लगेच झगा, अंगठी आणि जोडे आणायला माणसं पिटाळतो. मोलकरी व्हायचा अर्ज त्याने हातातसुद्धा घेतला नाही.

मी कित्येक वर्षं हा दाखला वाचत आले आणि हे राहून गेलेलं वाक्य माझ्या नजरेतून सुटत गेलं. मुलाचा सगळा बेत तर त्याच वाक्यात होता. मजुरी करायची, घाम गाळायचा, आणि कधीतरी बापाच्या नजरेला नजर देण्याइतकं कमवायचं. बेत प्रामाणिक होता. फक्त त्यात बाप उरत नाही, मालक उरतो. आणि थोरला भाऊ पाहा. तो घर सोडून कुठेच गेला नाही, तरी त्याच्या तोंडी काय आहे? इतकी वर्षं तुमची सेवाचाकरी करतोय, पण मला कधी एक करडूदेखील दिलं नाहीत. धाकटा मोलकरी व्हायला निघाला होता, थोरला घरात राहून मनाने केव्हाच मोलकरी झाला होता. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात पडलेल्या माणसाला आधी धाकट्याचा रोग लागतो आणि वर्षं उलटली की थोरल्याचा. आज तू म्हणतोस, मला फेडायचंय. दहा वर्षांनी म्हणशील, एवढं राबलो, मला काय मिळालं?

हे मी अनुभवाने सांगते. मी परिचारिका होते, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्रपाळीला महागाचं एक उपकरण माझ्या हातून पडून फुटलं. त्या रात्री वॉर्डात एक आयाबाई होत्या. सकाळी विचारणा झाली तेव्हा मी त्यांचं नाव सांगितलं. माझ्या शब्दापुढे त्यांचं कोण ऐकणार? आधी पगार कापला, मग त्यांची नोकरीच गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी विश्वासात आले. मनापासून रडले, क्षमा मागितली, आणि ती मिळाली हेही मला कळलं. मग मी कामाला लागले. मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, महिला मंडळाचे हिशेब. लोक म्हणत, हिच्यासारखी सेवा कोण करतं! आणि मला रात्री झोप लागत नसे. अशी सहा-सात वर्षं गेली. शेवटी मंडळीतल्या एका वयस्क बाईंपाशी मी सगळं ओकून टाकलं. मला वाटलं, आता त्या शास्त्र उघडून एखादं वचन वाचतील. त्यांनी विचारलं, “त्या आयाबाईचं नाव काय गं? राहते कुठे?”

नाव मला आठवत होतं. पत्ता मी कधी काढलाच नव्हता.

देवाचं जे कोणालाच फेडता येत नाही ते मी सहा-सात वर्षं फेडत बसले होते, आणि त्या बाईचं जे फेडायला हवं होतं त्याला हातही लावला नव्हता. मी जिथे नोकरी करत होते तिथे जाऊन खरं काय ते लेखी दिलं. त्याचे परिणाम झाले, ते भोगले. आयाबाईंना शोधून काढलं. पहिल्यांदा त्यांनी दारातूनच परत लावलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ऐकून घेतलं. ‘क्षमा केली’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि तसं म्हणायला लावण्याचा मला हक्कही नव्हता. बुडालेल्या पगाराचे पैसे मी थोडे थोडे करून पोचवले, ते त्यांनी घेतले. एवढंच घडलं. पण मला झोप लागू लागली, आणि शब्बाथ शाळेतल्या मुलांची तोंडं मी पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर ती मुलं माझ्या हिशेबातली नाणी होती.

म्हणून जक्कय मला फार जवळचा वाटतो. यरीहोतला मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू त्याला म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. यावेळी जक्कयाने एक पैसाही परत करीन असं म्हटलेलं नाही. अशा पापी माणसाच्या घरी येशू उतरतो, म्हणूनच लोक कुरकुर करतात. मग तो उभा राहतो आणि म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, आपण होऊन दोष कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असं आहे. चौपट भरपाई होती ती चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी. जक्कय पाचव्या हिश्श्याचा हिशेब करत बसला नाही, आणि त्याला कोणी आकडाही सांगितला नव्हता. पाहुणा आधी घरात आला, पैसे मागून बाहेर निघाले. हा क्रम उलटा केलास तर सुवार्ताच उलटी होते. आणि क्रमातला दुसरा भाग गाळलास, तर पाहुणा खरंच घरात आला होता का, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर त्यांचं काय चुकलं?

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातल्या 2ऱ्या अध्यायाचं 8वं आणि 9वं वचन आपण सगळेच पाठ करतो. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. 10वं वचन मात्र फारसं कोणी पाठ करत नाही. आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत, असं ते सांगतं. सत्कृत्यं तारणाच्या अलीकडे नाहीत, पलीकडे आहेत. ‘सगळं फुकटच आहे तर पाप केलं म्हणून काय बिघडलं’ असं म्हणणारा तुला भेटेल. त्याला प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात उत्तर दिलंय, मी त्यात भर घालत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. ‘माझ्यासारख्याने सेवा करावी का?’ आपल्या भाषेत कृपा आणि कृपादान हे शब्द जसे एकाच मुळाचे आहेत, तसे ते ग्रीकमध्येही आहेत, खारिस आणि खारिस्मा. ज्याला जे कृपादान मिळालं ते देवाच्या नानाविध कृपेचा कारभारी म्हणून त्याने इतरांच्या कारणी लावावं, असं पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात आहे. कारभारी हा शब्द मला आवडतो. त्याच्या हातात जे असतं त्यातलं त्याचं स्वतःचं काहीच नसतं. आणि हे येशूचा शिष्य पेत्र याचं पत्र आहे, येशूला पकडलं त्या रात्री कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून गुरूला तीनदा नाकारणाऱ्याचं. कोळशांच्या विस्तवासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो, तो संपूर्ण नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा त्या नाकारण्याच्या अंगणात, आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, जिथे येशूने स्वतः विस्तव पेटवून मासळी भाजत ठेवली आहे. त्याच वासात, त्याच धगीत पेत्राला तीन वेळा विचारलं जातं. तू का नाकारलंस, असं नाही. पुन्हा करशील का, असंही नाही. माझ्यावर प्रीती करतोस का? प्रत्येक उत्तरामागे एक काम दिलं जातं, माझी कोकरं चार, माझी मेंढरं राख. जिथे तो पडला होता, त्या जखमेवर बोट ठेवूनच त्याला काम सोपवलं. मी हा भाग वाचताना दर वेळी थांबते.

पौलाचंही तसंच. दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, तो ख्रिस्ताच्या अनुयायांना पकडायला निघाला होता, खिशात अधिकारपत्रं होती. तीन दिवस आंधळा, अन्नपाण्यावाचून बसून राहिला. ज्यांना तो पकडणार होता त्यांच्यातलाच हनन्या आला, त्याच्यावर हात ठेवले आणि त्याच्या आधीच्या नावाने म्हणाला, “शौल भाऊ.” भाऊ! याच पौलाने पुढे स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवून घेतलं. मोलकरी संध्याकाळी मजुरी मोजून घेतो आणि घरी जातो. दास धन्याचाच असतो, त्याचा वेगळा हिशेब नसतो. करिंथकरांना पौल लिहितो की मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच म्हणतो की ते मी नाही केले, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. श्रम नाकारत नाही, श्रेय ठेवून घेत नाही. तुला हे साधायला वेळ लागेल. मला अजून पुरतं साधलेलं नाही.

वेळ लागण्यावरून एक सांगते, कारण तू लिहिलंस की पैजेची ओढ अजून गेली नाही आणि त्यामुळे आपला पालट खोटा वाटतो. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिकवरच्या वादळात देवाचा धावा करता झाला. तोच पुढे पाळक झाला आणि कृपेवरचं जगभर गायलं जाणारं गीत त्याने लिहिलं. पण मधली वर्षं लोक सांगत नाहीत. त्या वादळानंतर तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि 1754 पर्यंत त्याने तशा तीन सफरी केल्या. समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. 1764 मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध, स्वतःच्या वाट्याचा दोष कबूल करत, त्याने पुस्तिका लिहिली ती 1788 मध्ये. वादळाला तेव्हा 40 वर्षं झाली होती. ही कबुली फार उशिरा येते आहे, हे त्याने स्वतःच मान्य केलं. ब्रिटनमध्ये त्या व्यापारावर बंदी आली 1807 मध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला.

यातून मी दोन गोष्टी घेते आणि त्या एकमेकींशी भांडतात. देव माणसाला अर्धवट उघड्या डोळ्यांचा असतानाही सोडत नाही, हा मोठा दिलासा. पण न्यूटनच्या डोळ्यांवरची झापड उतरेपर्यंत त्या उशिराची किंमत त्याच्या जहाजाच्या तळघरात साखळदंडाने बांधलेल्या माणसांनी मोजली. ‘मला हळूहळू बदलायला वेळ हवा’ असं मनात येईल तेव्हा विचार, या वेळेचे पैसे कोण भरतंय? तुझ्या बाबतीत बहीण भरते आहे.

जुगाराच्या ओढीबद्दल परिचारिका म्हणून सांगते, व्यसनाला उपचार लागतात. समुपदेशकाकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण नव्हे. पगार हातात आला की व्यवहार काही काळ विश्वासातल्या कोणाकडे दे. मंडळीत दानपेटी मोजायचं काम तू आनंदाने स्वीकारलंस, ते सोड. पाळकांना कारण स्पष्ट सांग. त्यात तुझा कमीपणा नाही. खुर्च्या लाव, आजाऱ्यांना भेट, जे चारचौघांच्या नजरेत येत नाही ते कर. पाच कामं घेतलीस त्यातली तीन खाली ठेव, म्हणजे संध्याकाळी घरी जायला वेळ मिळेल.

आणि पुढच्या महिन्यात उपासनेत साक्ष द्यायला तुला बोलावलंय, ते सध्या नाही म्हणून कळव. तुझी कबुली व्यासपीठावरून शंभर माणसांनी ऐकायची आणि जिचे पैसे गेले तिने कोणाकडून तरी ऐकायची, हे मला मान्य नाही. आधी तिच्याकडे जा. वचनं घेऊन जाऊ नकोस, ‘देवाने मला क्षमा केली’ हे वाक्य तर अजिबात नको. किती रक्कम घेतलीस, कधी घेतलीस, ते आकड्यांनिशी लिहून ने. दरमहा किती परत करशील तेही लिही, आणि झेपेल तेवढंच लिही. ती रागावेल. दार लावून घेईल. घेऊ दे, तो तिचा हक्क आहे. पैसे पोचवत राहा.

जाऊन आलास की मला लिही. ती काय म्हणाली ते नाही सांगितलंस तरी चालेल. तू तिला काय म्हणालास, ते कळव.

तुझी,
मावशी