गैरहजेरी कुणाच्या लक्षात येते?

प्रिय बेटा,

'ताई, वर्गात दीडशे जण आहेत, पण मी एकटीच शिकून राहिली असं वाटतं,' हा तुझा मेसेज वाचला आणि मला माझं पहिलं एम.ए. आठवलं. दूरशिक्षणातून घेतलं होतं. पुस्तकं पोस्टानं आली, दोन स्वाध्याय लिहून दिले, मग मुलगा आजारी पडला आणि मी थांबले. सुटलं त्याचं दुःख केव्हाच सरलं. मी सोडलं हे कुणालाच कळलं नाही, ते मात्र अजून टोचतं.

म्हणून दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नको. तिथे पीडीएफ मिळतात, फॉर्मच्या तारखा कळतात, तेवढं घे. पण तिथे कुणी महिनाभर गप्प झालं तर पत्ता लागत नाही. तू तुझे तिघं-चौघं शोध. 'अभ्यासगट करूया का?' असं सगळ्यांना विचारलंस तर पन्नास अंगठे येतील आणि रविवारी कुणी यायचं नाही. एकेकाला वेगळं विचार, नेमकं विचार: 'तुमचा तिसरा स्वाध्याय झाला का? मी दुसऱ्या प्रश्नावर अडले आहे.' नोकरी-संसार सांभाळून शिकणारी माणसं मदत मागायला लाजतात, पण कुणी मागितली की धावून येतात. तुझ्याहून वयानं मोठ्यांना स्वाध्याय स्कॅन करून अपलोड करणं जड जातं, ते तू शिकव. ओळख तिथूनच होते.

दुसऱ्यांदा शिकले तेव्हा आमचं असंच जमलं. एक भाऊ खापरीचे, एक जण हिंगणा रोडचा, एक मैत्रीण पारडीची, मी कामठी रोडची. २०२२च्या डिसेंबरात नागपूर मेट्रोचे दोन्ही मार्ग पूर्ण झाले आणि आमची चारही टोकं सीताबर्डीला जुळली. महिन्यातून एकदा तिथे भेट, एरवी रविवारी रात्री साडेनऊला गुगल मीट. कॅमेरा बंद चालेल, पण पहिली दहा मिनिटं अभ्यासाचं बोलायचं नाही, हा नियम. कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी २००० साली ऑनलाइन वर्गाबद्दल जे मांडलं, त्यात विचार आणि अध्यापन यांच्या जोडीला एकमेकांना खरी माणसं म्हणून जाणवणंही होतं. आम्हाला ते त्या दहा मिनिटांत मिळालं.

पारडीची मैत्रीण सलग दोन रविवार आली नाही. फोन केला. सासूबाई मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती होत्या. 'सोडून देते मी आता,' म्हणाली. आम्ही तिला समजावत बसलो नाही. खापरीच्या भाऊंनी राहिलेला घटक पाच-पाच मिनिटांच्या ऑडिओत वाचून पाठवला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिनं तो ऐकला. तिच्या उत्तरांच्या मागे 'सिस्टर, सलाईन संपली' असे आवाज यायचे. त्या सत्रात तिनं दोनच पेपर दिले, बाकीचे पुढच्या सत्रात. पण प्रवेश टिकला, आणि आम्हा तिघांचाही तो घटक पक्का झाला.

पहिल्या तासाला प्रश्न विचारणाऱ्या हिंगण्याच्या बाई नंतर दिसल्याच नाहीत, असं तू लिहिलंस. ग्रुपमध्ये त्यांचा नंबर असेल. आज जेवणं आटोपली की त्यांना फोन कर. काय म्हणाल्या ते मला कळव, मी जागी असते.

तुझी ताई