बाप-लेकीत सुप्रीम कोर्टावरून जुंपते, काय करू?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलगी टेक्सासात कॉलेजला आहे, मुलगा अकरावीत. सुप्रीम कोर्टातले कोणी न्यायमूर्ती निवृत्त होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी बाप-लेकीत जुंपते. परवा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या पक्षाने जागा चोरली," आणि ह्यांनी फोन बंद केला. पुण्याहून आलेले सासरे वर म्हणतात, "आपल्याकडे असलं काही नसतं." घरात राजकारणाचा विषयच बंद करावा का?

उत्तर: ताई, विषय बंद केलात तर मुलगी फोन करायची कमी होईल, बाकी काही साधणार नाही.

ती बोलली ते अगदीच हवेतलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, पण नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये बहुमत असलेल्या रिपब्लिकनांनी त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, म्हणाले. २९३ दिवस नाव पडून राहिलं आणि त्या जागी पुढे ट्रम्प यांचे गॉर्सच आले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग गेल्या तेव्हा अध्यक्षपदाचं मतदान दीड महिन्यावर आलं होतं, तरी ह्याच मंडळींनी एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी बसवलं, तेही मतदानाला आठ दिवस उरले असताना. अध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे असले की गोष्ट वेगळी, असा त्यांचा खुलासा होता. मला तो सोयीचा वाटतो.

आता यजमानांची बाजू. डेमोक्रॅट २०१६ मध्ये "जागा भरा" म्हणत होते, २०२० मध्ये "थांबा" म्हणू लागले. खालच्या कोर्टांतल्या नेमणुका सिनेटमध्ये पुढे सरकायला लागणारा ६० मतांचा उंबरठा २०१३ मध्ये त्यांनीच काढला; २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी तेच सुप्रीम कोर्टाला लावलं. १९८६ मध्ये ह्याच स्कालियांना ९८ विरुद्ध शून्य मतं पडली होती, ह्यावर आज मुलांचा विश्वास बसत नाही.

पण दोघांनी एकमेकांच्या तोंडावर तारखा फेकून तुमचं घर शांत होणार नाही. दोघांना बोचतंय ते दुसरंच. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गर्भपाताचा देशभरचा हक्क गेला, तेव्हा तो हक्क देणारा जुना निकाल रद्द करायला नेमकी पाच मतं होती. त्यात गॉर्सच आणि बॅरेट होते. तुमची लेक राहते त्या टेक्सासात आज गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. जून २०२३ मध्ये कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आली, त्यातही हे दोघे बहुमतात होते. वंशाच्या निकषामुळे आपल्या मुलांची संधी जाते असं वाटणाऱ्या, मुलगा अकरावीत असलेल्या कितीतरी देशी बापांनी त्या दिवशी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. तुमच्याकडेही असंच असेल, तर बापाचं समाधान आणि लेकीची भीती ह्याच दोन खुर्च्यांतून आली आहे. हे एकदा दोघांनी मोठ्याने बोलायला हवं. "तुला तिथे भीती वाटते का गं?" एवढं बाबांनी विचारलं तरी सूर बदलेल. आणि मुलीनेही भावाच्या प्रवेशाची बाबांना का काळजी वाटते ते ऐकून घ्यावं, "स्वार्थी" म्हणून मोकळं होऊ नये.

मग दोघांकडून एकच गोष्ट वदवून घ्या: पुढची जागा निवडणुकीच्या वर्षी रिकामी झाली तर नियम कोणता? अध्यक्ष कोणत्या पक्षाचा ते न सांगता. उत्तर घरच्या ग्रुपवर टाकायला लावा. नंतर पलटी मारणाऱ्याने रविवारची भांडी घासायची.

सासऱ्यांना सांगा, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. जागा कधी रिकामी होणार ते नेमणुकीच्या दिवशीच बहुधा कळतं. इथे नेमणूक तहहयात, त्यामुळे कोणाची तब्येत बिघडली की दोन्ही पक्ष हिशोब मांडतात. आणि "असलं काही नसतं" हे खरं नाही. न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात ती कॉलेजियम पद्धत बदलायचा कायदा कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केला, आणि कॉलेजियमने सुचवलेली नावं सरकारने अडवून धरल्याच्या बातम्या तेही वाचतच असतील.

एक व्यवहाराचं. ह्या नेमणुकांना मंजुरी सिनेट देतं, म्हणून सिनेटरच्या निवडणुकीला जाणं चुकवू नका. मुलगी नागरिक असेल आणि अठरा पूर्ण असेल, तर मतदार नोंदणी टेक्सासात करायची की न्यू जर्सीत, हे तिने ठरवावं. मत एकाच ठिकाणी. तुम्ही स्वतः अजून ग्रीन कार्डवर असाल तर मंडळाच्या कार्यक्रमात कोणी नोंदणीचा फॉर्म पुढे केला तरी भरू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते फार महागात पडतं.