‘अंग दुखते’ म्हणणाऱ्या कास्तकाराला काय विचारशील?

प्रिय डॉक्टर,

आरोग्य केंद्रात रुजू झालीस. ओपीडीत आता रोज ऐकशील, ‘अंग दुखते, झोप नाही, अन्न गोड लागत नाही.’ मन उदास आहे म्हणून इथं कुणी केसपेपर काढत नाही. तेव्हा वेदनाशामक लिहिण्याआधी दोन गोष्टी विचार. गेले दोन आठवडे मन उदास राहते का? आणि ज्यात जीव रमायचा, त्यात अजून रमतो का?

पहिल्या प्रश्नाला पुरुष बरेचदा ‘नाही’ म्हणतात. पण ‘काकाजी, वावरात जावंसं वाटते का?’ म्हटलं की मान खाली जाते. ‘पऱ्हाटीकडे पाहावंसंबी वाटत नाही जी.’ तिथं पेन खाली ठेव.

मग पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्य तपासायच्या, गुण देणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादीतले, सगळे प्रश्न सावकाश विचार. नऊपैकी किमान पाच लक्षणं, त्यांत वरच्या दोनांपैकी एक तरी, दोन आठवडे जवळजवळ रोज, आणि कामधंदा अडलेला, असं असेल तर नैराश्याचा आजार धर. नुसत्या गुणांवर निदान करू नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड बघ, दारूचं विचार. पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसचे दिवस अंगात उधाण, पैशांची उधळपट्टी असं झालं होतं का, हे घरच्यांना विचार. झालं असेल तर तो बायपोलर आजार (कधी उदासी, कधी उधाण) असू शकतो; नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोल.

‘बोंडअळीनं कापूस गेला, सोसायटीचं कर्ज आहे, उदास होणारच’ म्हणून मात्र कुणाला परत पाठवू नकोस. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. कर्जबाजारी माणसाला टायफॉइड झाला तर कर्ज फिटायची वाट आपण पाहतो का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांत उपचार घेणारे १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो गाळू नकोस. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठव, एकटं सोडू नकोस, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांना लिहून दे. फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचार आणि ते घरातून हलवायला लाव.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक आठ दिवसांत ती सोडतात. पहिल्या आठवड्यातच आशाताईंना त्यांच्या घरी विचारपूस करायला पाठव.