'फारकत'मधले खत

दादरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, 'ब्रिटनने युरोपीय संघाशी फारकत घेतली' हे वाक्य बरोबर, की 'संघापासून फारकत घेतली' हे बरोबर. त्यांच्या मंडळात ब्रिटनचे संघाबाहेर पडणे आणि त्याचे आर्थिक परिणाम या विषयावर परिसंवाद आहे आणि भाषणाच्या पहिल्याच वाक्यात त्या अडल्या आहेत. 'शी' की 'पासून' याचे उत्तर मी देईनच. परंतु त्या वाक्यात मला जे खटकते ते प्रत्ययात नसून खुद्द 'फारकत' या शब्दाच्या वापरात आहे, आणि ते मी २०१६ पासून निमूटपणे ऐकत आलो आहे.

२४ जून २०१६ च्या शुक्रवारी सकाळी मुंबईचा शेअर बाजार उघडण्याच्या सुमारासच आदल्या दिवशीच्या सार्वमताचा कौल स्पष्ट झाला होता : ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. सेन्सेक्स त्या दिवशी हजारांहून अधिक अंशांनी घसरून अखेर सुमारे ६०० अंश खाली बंद झाला, 'जग्वार लँड रोव्हर' या ब्रिटनमधल्या आपल्या मोटार कंपनीमुळे टाटा मोटर्सच्या भागधारकांचे धाबे दणाणले आणि पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. आमच्या वृत्तवाहिन्यांनी दुपारपर्यंत एकच मथळा धरला : 'ब्रिटनची युरोपशी फारकत!' त्या दुपारी ब्रिटनने कोणाकडून काहीही घेतलेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने सार्वमत सल्लावजा होते. बाहेर पडण्याची रीतसर सूचनासुद्धा संघाच्या करारातील ५० व्या कलमाखाली २९ मार्च २०१७ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनी गेली. घर सोडण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्या भाडेकरूला आपण 'घर सोडून गेला' असे म्हणत नाही, आणि मुंबईत तर मुळीच म्हणत नाही.

पर्यायी शब्दांचा विचार आधी झटपट उरकतो. 'घटस्फोट' हा शब्द या प्रसंगाला अगदीच गैरलागू आहे. पतित ठरलेल्या माणसाला तो मेला असे समजून नातलगांनी उदक द्यावे आणि दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लाथाडून उलथावा, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि घटस्फोटातला घट तो हा. म्हणजे मुळात घटस्फोट हे गणगोताने एखाद्याला वाळीत टाकणे होते. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, ब्रिटनला वाळीत टाकले नव्हते, ब्रिटन आपल्या पायांनी निघाला. 'काडीमोड' हा त्याहून गोड शब्द, पण तो पंचांसमोर काडी मोडून तोंडी व्यवहार संपवणाऱ्यांचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये तयार झालेला माघारीच्या कराराचा मसुदा ५८५ पानांचा होता, त्याला काडी म्हणणे धाडसाचे ठरेल. 'वाटणी' म्हणावे, तर एकत्र कुटुंबातून वेगळे निघणाऱ्याला काही मिळते, आणि इथे निघणाऱ्यालाच द्यावे लागले. राहिला 'फारकत'. गंमत अशी की, तो शब्द या प्रसंगाला जितका चपखल बसतो तितका दुसरा कोणताही बसत नाही, आणि तरीही तो वापरणाऱ्या शंभरांतील नव्वदांना तो चपखल का बसतो याचा पत्ता नसतो.

'फारकत' म्हणजे विभक्त होणे, वेगळे होणे, एवढ्यावर बहुतेक जण समाधान मानतात. त्यामुळे 'वास्तवाशी फारकत', 'विवेकाशी फारकत', 'मूळ कथेशी फारकत घेतलेला चित्रपट' असे प्रयोग सुखेनैव चालतात. वास्तवाकडून कोणी कर्ज काढले होते काय? हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तोच खरा प्रश्न आहे, कारण 'फारकत' हा मुळात ताटातुटीचा शब्द नसून देण्याघेण्याचा, हिशेबाचा शब्द आहे.

त्याचे जुने रूप 'फारखती'. अरबी 'फारिग़' म्हणजे मोकळा झालेला, जबाबदारीतून सुटलेला; आणि 'ख़त' म्हणजे लिखाण, लेख. फारिग़खत्ती म्हणजे 'आता तुमचे माझ्याकडे काही येणे नाही' असे धनकोने ऋणकोला लिहून दिलेले पत्र. भागीदारी मोडताना असेच पत्र लिहून होई आणि विवाहसंबंध संपवतानाही होई. 'फारकती'ला सोडचिठ्ठीचा अर्थ आला तो या दुसऱ्या वापरातून. यातला 'खत' आपल्या नित्य परिचयाचा आहे. मुंबईत ज्याने एक खोली जरी विकत घेतली असेल, त्याने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावून 'खरेदीखत' नोंदवलेले असते, आणि ज्याची ऐपत कमी पडली त्याने 'गहाणखत' केलेले असते. खरेदीखत, गहाणखत आणि फारखत ही सख्खी भावंडे आहेत. पहिल्या दोघांनी आपले 'खत' जपले, तिसऱ्याचे झिजले, आणि ते झिजल्यामुळे त्याचे कूळ लोक विसरले.

ही व्युत्पत्ती मी पुस्तकातून शिकण्याच्या आधी कानांनी शिकलो. लहानपणी गिरगावात आमच्या चाळीखाली एक गुजराती कापडवाले शेटजी बसत. काळबादेवीच्या एका भागीदाराशी त्यांचे बिनसले, तेव्हा ते माझ्या वडिलांना म्हणाले होते, "फारगती लखावी लीधी", म्हणजे फारकत लिहून घेतली. त्या 'ग'ने मला पुढे अनेक वर्षे छळले. आमच्याकडे 'क', त्यांच्याकडे 'ग', आणि जुन्या मराठी कागदांत 'ख'. 'फारिग़खत्ती'मधले 'ग' आणि 'ख' एकमेकांवर आदळले की एकालाच वाट मिळते : गुजरातीने 'ग' राखला, जुन्या मराठीने 'ख' राखला, आणि पुढे त्या 'ख'चा 'क' झाला. हिंदीतल्या 'भूख', 'भीख', 'सीख', 'हाथ' यांच्या जागी आपण 'भूक', 'भीक', 'शीक', 'हात' म्हणतो. शब्दाच्या आत आणि शेवटी महाप्राणाचा, म्हणजे 'ख', 'थ' यांतल्या हकाराचा, जोर सोडून देण्याची मराठीची ही जुनी खोड आहे. 'राख' मात्र राखच राहिली, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल पत्रे पाठवू नयेत.

आता विरुद्ध पक्षाकडे वळतो. 'फारकत' हा अरबी 'फ़ुर्क़त' म्हणजे विरह, वियोग, या शब्दापासून आला असे काही विद्वान सांगतात, आणि गझला ऐकणाऱ्या मंडळींना ते फार आवडते. या मंडळींनी एकच गोष्ट समजावून सांगावी. 'फ़ुर्सत' मराठीत आला तो 'फुरसत' म्हणून. 'मुद्दत'ची 'मुदत' झाली, 'क़ुव्वत'ची 'कुवत' झाली, 'हुज्जत' तर जशीच्या तशी आपल्या जिभेवर बसली. यांपैकी एकाही शब्दाने आपला आद्य उकार सोडलेला नाही. मग एकट्या 'फ़ुर्क़त'वरच असे कोणते संकट कोसळले की तिने आपला ऱ्हस्व 'उ' टाकून थेट दीर्घ 'आ' धारण करावा? 'फारसत' आणि 'हाज्जत' कोणी म्हणत असेल तर मी माझे मत मागे घेतो. दुसरा मुद्दा क्रियापदाचा. आपण फारकत 'घेतो' आणि 'देतो', जशी पावती घेतो आणि देतो. विरह कोणी घेत नाही. तो सोसावा लागतो. 'परके शब्द हवेतच कशाला, संबंधविच्छेद म्हणा' असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांना इतकेच विचारतो की, तुमच्या त्या विच्छेदात पावती कुठे आहे?

आणि पावती हाच तर त्या भगिनींच्या विषयाचा गाभा आहे. सार्वमताच्या प्रचारात दोन आकड्यांची झुंज चालली होती. बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या लाल बसवर 'आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो' असे लिहिलेले होते. १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनच्या वर्गणीत मिळवलेली सवलत त्यातून वजा केलेली नव्हती, आणि सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरवला होता. राहू इच्छिणाऱ्यांच्या बाजूने ब्रिटनच्या अर्थखात्याने, बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान, असा अंदाज मांडला होता. पुढे काय मिळेल आणि पुढे काय जाईल यावर दोन्ही बाजूंचा घसा बसला. मागचे देणे किती, ते कोण फेडणार आणि फेडल्याचे लिहून कोण देणार, यावर फारसे कोणी बोलले नाही. म्हणजे फारकतीची चर्चा फारकतीचा विषय वगळून झाली.

देणे होतेच. संघाच्या २०१४ ते २०२० या काळाच्या अंदाजपत्रकात ब्रिटनने आधीच मान्य केलेला वाटा होता आणि संघाच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनातला हिस्सा होता. उलट बाजूला, युरोपीय गुंतवणूक बँकेत ब्रिटनने भरलेले साडेतीन अब्ज युरोंचे भांडवल होते, ते १२ वार्षिक हप्त्यांनी परत मिळायचे ठरले. जुलै २०१७ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी, ब्रुसेल्स मागेल तेवढ्या रकमेसाठी त्यांनी शीळ वाजवत बसावे, म्हणजे पैशांची आशा सोडावी, अशा अर्थाचे उद्गार संसदेत काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्याच सरकारने हिशेब मान्य केला आणि त्याचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड असा सांगितला. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. मग जॉन्सन स्वतः पंतप्रधान झाले, उत्तर आयर्लंडविषयीचा भाग बदलून घेतला आणि हिशेबाचा भाग जवळजवळ होता तसाच ठेवून २४ जानेवारी २०२० रोजी त्या करारावर सही केली. खत झाले ते त्या दिवशी.

असे हिशेब आपल्यालाही नवे नाहीत. १९४७ च्या फाळणीनंतर रोख शिलकेतील पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला. त्यापैकी २० कोटी आधी दिले गेले आणि उरलेल्या ५५ कोटींवरून काय काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हाच्या पुनर्रचना कायद्यातही मालमत्ता आणि देणी कोणाकडे किती, याची कलमे आहेतच. त्या घटनेला मात्र 'फारकत' कोणी म्हणत नाही, सगळे 'विभाजन' म्हणतात. जिथे खत झाले तिथे शब्द नाही आणि जिथे शब्द आहे तिथे वास्तवाशी, विवेकाशी आणि मूळ कथेशी!

परिसंवादात आणखी एक घोटाळा हमखास होईल, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. ३९ अब्जांचा आकडा आणि ४ टक्क्यांचा आकडा लोक एकाच वाक्यात कोंबतात. पहिला आकडा फारकतीचा, म्हणजे मागील देण्याचा. दुसरा आकडा ब्रिटनच्या अर्थसंकल्पाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या कार्यालयाच्या गृहीतकातला आहे : संघात राहिला असता तर ब्रिटनची उत्पादकता जितकी झाली असती, तिच्या तुलनेत ती दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. म्हणजे आजच्या उत्पन्नात ४ टक्क्यांची घट झाली असा त्याचा अर्थ नाही, तरी मथळ्यांत तो तसाच येतो. शिवाय महासाथ आणि युक्रेनचे युद्ध यांचा परिणाम त्यातून वेगळा काढणे अवघड आहे, हा बाहेर पडण्याच्या समर्थकांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. तसेच २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला व्यापार करार ब्रिटनला स्वतंत्रपणे करता आला तो संघात नसल्यामुळे, ही त्यांच्या बाजूची जमेची नोंद. पण तीसुद्धा फारकतीची नव्हे, फारकतीनंतरच्या संसाराची.

इथे माझीच व्युत्पत्ती मला अडचणीत आणते, हे कबूल केले पाहिजे. फारखती मिळते ती देणे फिटल्यावर. ब्रिटनचे देणे सहीच्या दिवशी फिटले नाही. निवृत्तिवेतनाचा वाटा पुढे अनेक दशके द्यायचा आहे. काटेकोरपणे पाहिले, तर जानेवारी २०२० मध्ये झाला तो कर्ज मान्य केल्याचा कबुलीनामा, आणि अखेरचा हप्ता पोचल्याशिवाय खरीखुरी फारखती ब्रिटनच्या हाती पडणार नाही. माझ्या एका वकील मित्राने हे दाखवून दिले, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तरीही लेखी खत झाल्याची तारीख ही फारकतीची तारीख मानायला मी तयार आहे, कारण भाषेने एवढी सवलत व्याजासह कमावलेली आहे.

आता 'शी' की 'पासून'. 'पासून' हा 'विभक्त', 'अलग' या शब्दांच्या नादाने आलेला आहे, तो लिहू नये. 'शी' रूढ आहे, आणि रूढीपुढे माझे काही चालत नाही. खरा प्रत्यय विचाराल तर तो 'कडून' : पावती ज्याच्याकडून घ्यायची, फारकतही त्याच्याचकडून घ्यायची. पण 'ब्रिटनने संघाकडून फारकत घेतली' असे म्हटल्यास सभेत कोणीतरी हसेल, आणि हसणाऱ्याला फारिग़खत्तीची कहाणी सांगत बसण्याइतका वेळ सूत्रसंचालक देणार नाहीत. तेव्हा पहिल्या वाक्यात सरळ 'ब्रिटन संघातून बाहेर पडला' असे लिहावे आणि तारीख ३१ जानेवारी २०२० द्यावी; लंडनला तेव्हा रात्रीचे ११ वाजले होते आणि मुंबईत १ फेब्रुवारीच्या पहाटेचे साडेचार. 'फारकत' हा शब्द ३९ अब्जांच्या परिच्छेदासाठी राखून ठेवावा.