लाईट गेली म्हणजे तार बंद झाली का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्या उसावरनं ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाईन गेलीय, दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात तारा पार लोंबकळल्यात. आता तोड आलीय. टोळीचा मुकादम म्हणतो, मोटरची लाईट नसेल तेव्हा ट्रॉली बाहेर काढू, काय होत नाही. करू का तसं?
– ऊस उत्पादक, ता. वाळवा

उत्तर : अजिबात नको, दादा. मोटर बंद म्हणजे तार बंद हे गणितच चुकीचं. शेतीची थ्री फेज, म्हणजे मोटरला लागणारी वीज, पाळीनं असते, पण त्याच लाईनवर वस्तीची घरं असतील तर सिंगल फेज, म्हणजे घरच्या दिव्यांपुरती वीज, चालू ठेवतात, आणि तुमची मोटर चालत नसली तरी माणूस मरायला एक फेज भरपूर झाली. दुसरं म्हणजे ट्रिप झालेली, म्हणजे बिघाडानं आपोआप बंद पडलेली लाईन सबस्टेशनवरचा ऑपरेटर परत चालू करून बघतो, त्याला काय माहीत खाली तुमची ट्रॉली उभी आहे. आणि तुटलेली तार कोरड्या मातीवर पडली तर करंट इतका कमी वाहतो की कधीकधी लाईन ट्रिपच होत नाही, तार गप पडलेली दिसते आणि जिवंत असते.

नियमाप्रमाणे ११ केव्हीची तार रस्ता ओलांडताना ६.१ मीटर आणि शेतात निदान ४.६ मीटर उंच पाहिजे. तुमची त्याखाली वाटत असेल तर महावितरणच्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवरही तक्रार नोंदवा (नुसतं वायरमनच्या कानावर घालून काही होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं). तोवर त्या गाळ्याखालनं भरलेली ट्रॉली काढायची नाही, वळसा पडला तरी चालेल. मोळ्यांवर तर कुणालाच बसवू नका, पहिला बळी त्याचाच जातो.

ट्रॉली तारेला लागलीच तर ड्रायव्हरनं सीटवरच बसायचं, खालच्यांनी न पळता, पाय न उचलता घासत घासत लांब जायचं. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारून. एक हात ट्रॅक्टरला आणि पाय जमिनीला, असं झालं की संपलं. नंतर पाय न उचलता घासत घासत लांब जायचं, कारण त्या जमिनीत एका पावलात सुद्धा व्होल्टेजचा फरक असतो.

प्रश्न : ड्रेनेजसाठी जेसीबी लावणार आहे, खाली केबल आहे का कसं कळणार?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी महावितरण आणि महापालिकेत विचारा. 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप २०२३ पासून आहे, पण त्यावर सगळं सापडेलच असं धरू नका. खोदताना वाळूचा थर, विटांची नाहीतर फरशीची ओळ किंवा रंगीत टेप दिसली की बकेट थांबवायची, खाली केबल असणार. पुढचं हातानं, हळू, आणि पहार मारायची नाही. ठेकेदार घाई करणारच, करू दे.