टीएसएच नॉर्मल, तरी थकवा का?

प्रश्न : वय ४२. दोन वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी चहाबरोबर घेते, नाश्त्यानंतर कॅल्शियम. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा हार्मोन) २.८ आला आहे, पण दुपारपर्यंत अंगात त्राण उरत नाही. डोस वाढवून घ्यावा का? केसांसाठी बायोटिनही चालू आहे.

उत्तर : डोस वाढवायची घाई नको. बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, तुमचा आकडा त्यात बसतो. गोळी जास्त झाली की धडधड होते, झोप उडते, हाडं विरळ होतात आणि थकवाही येतो.

पण हा २.८ कितपत खरा? बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. रक्त सकाळी, गोळी घेण्याआधी द्या.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या किमान चार तासांनी. नाहीतर ही औषधं आतड्यात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी पोहोचत नाही. पद्धत सुधारली की तोच डोस जास्त लागू पडतो, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावा. त्याआधी बघून उपयोग नाही. या औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

त्यानंतरही थकवा राहिला तर कारण थायरॉइडबाहेर शोधा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर, किडनी-लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर हमखास बघावं. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) असणाऱ्यांमध्ये बी१२ची कमतरता आणि सिलिअॅक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) इतरांपेक्षा जास्त आढळतात. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सतत उदास वाटणं हेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : थायरॉइडमुळे क्रॉनिक फटीग सिंड्रोम होतो का?

उत्तर : हा वेगळा आजार आहे. त्यात सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असतो, झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. खरी खूण म्हणजे थोड्याशा श्रमानंतर, बरेचदा दुसऱ्या दिवशी, तब्येत कोसळते. निदानाआधी थायरॉइड तपासतात, कारण उपचार न झालेला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड कमी पडणं) असाच थकवतो. थायरॉइड ठीक असेल तर त्याच्या गोळीने हा आजार बरा होत नाही, आणि 'व्यायाम वाढवा' हा सल्ला अशा रुग्णाला उलट बाधू शकतो.